चोवीस पाउंड

पार्क चौकामागच्या बोळात माझं दुकान.
दुकान कसलं, एक मशीन, एक स्टूल
आणि खिळ्यांना टांगलेल्या तुटक्या तारांच्या रॅकेटी.
सव्वीस वर्षं टॉवेलच्या मागांवर जॉबर होतो.
कारखाना बंद पडला,
हातात उरलं ते एवढंच, ताण ओळखणं.
तार ओढतो, टिचकी मारतो,
आवाजच सांगतो किती पाउंड.

स्रवंती येमूल साखर पेठेतली.
आई विड्या वळते, टीव्हीकडे तोंड करून,
दिवसाला हजार, एकही सैल नाही.
पोरगीचे हातही तसेच.
सकाळी सहाला, हॉलमध्ये झाडूवाला नि मी,
तेव्हा तिची सर्व्हिस बघावी.
जाळीच्या पट्टीला विचारून
पलीकडे उतरल्यासारखी.

मग मे महिना. जिल्ह्याची फायनल.
पत्र्याचं छप्पर, बाहेर त्रेचाळीस,
आणि पंखे बंद,
वाऱ्यानं शटल भरकटतं म्हणून.
तिसरा गेम, अठरा-चौदा, ही पुढे.

इथं तिनं ग्रिप पुसली.
परत पुसली.
बुटाची नाडी सोडून बांधली,
सुटलेली नव्हती.
शटल बोटांत धरलं, आणि त्याची पिसं
हलली. पंखे तर बंद होते.

पहिली सर्व्हिस जाळीत.
पुढची उंच, आयती, समोरचीनं ठोकली.
कडेवरून कोच ओरडले, "अगं मोकळी खेळ!"
मोकळं हो म्हटल्यावर
कोण मोकळं झालंय आजवर?
अठरा-एकवीस.
आई तेव्हा बाहेर जिन्यावर,
सूप नसलेल्या मांडीवर
काहीतरी वळत बसलेली.

मला हे माहीत आहे.
तुटल्या धाग्याला गाठ मी अंधारात मारायचो,
चहाचा कप दुसऱ्या हातात.
एकदा नवे शेठ मागे येऊन उभे राहिले,
बोलले काहीच नाहीत. नुसते उभे.
त्या दिवशी आधी कुठलं टोक कुठल्या टोकावर
हेच आठवेना.
बोटांना जे पाठ होतं
ते डोक्यानं मागून घेतलं
आणि डोक्याला ते कधीच येत नव्हतं.

बाणा तुटला की माग आपोआप थांबतो.
तेवढी सोय माणसात नाही.
माणूस तसाच खडखडत राहतो,
रिकामा धोटा इकडून तिकडे,
कापड होत नाही.

चार दिवसांनी ती आली.
"काका, तारा बदला. ताण जास्त झालाय."
टिचकी मारली. चोवीस.
जिथं ठेवला होता तिथंच.
म्हणालो, "हो, जरा जास्तच आहे. उद्या ये."
रॅकेट रात्रभर खिळ्याला टांगली.
सकाळी ओल्या फडक्यानं पुसली,
आणि दिली. पैसे घेतले नाहीत,
खोट्याचे कसे घेणार?
तिनं हवेत दोनदा फिरवली.
"आता कसं बरोबर वाटतंय!"

लातूरला दोन फेऱ्या जिंकली.
तिसरीत हरली. कशी ते विचारलं नाही.
मला एवढंच कळलं, की सर्व्हिस जाळीत गेली
तर पुढची परत तशीच खाली टाकत होती,
उंच उडवून सुटका करून घेत नव्हती.
घाम तर होताच.

काल आली. स्टूलवर बसली,
कडक भाकरीचा तुकडा मोडत.
रॅकेट कानाजवळ धरली
आणि टिचकी मारली, माझ्यासारखीच.
थोडा वेळ ऐकत राहिली.
"काका,
तुम्ही त्या वेळी काहीच केलं नव्हतं ना?"

मी मशीनचा स्क्रू आवळत राहिलो.
आवळलेलाच होता.